फायबरवरची खरखर

धम्मदीपने सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमध्ये फायबरची लाइन जोडली आणि रविराजचा जुनाच फोन तिला लावून दिला.

"आता खरखर विसरा, साहेब. या तारेतून उजेड जातो. एखादा नंबर लावून बघा."

रविराजला ती खरखर फार उपयोगी पडली होती. खडकवासल्याहून आईचा फोन आला आणि बोलणं लांबायला लागलं, की तो माउथपीसवर अंगठ्याचं नख घासायचा. "आई, लाइन खराब आहे. काही ऐकू येत नाही. मग करतो." सरुबाई लगेच फोन ठेवायची. ती गेली त्या दिवशी सकाळीही तिने असाच ठेवला होता.

त्याला पाठ असा एकच नंबर होता. बोटांनी तोच लावला. आईच्या मागे ते कनेक्शन त्याने स्वतः जाऊन बंद केलं होतं.

रिंग गेली. कोणीतरी फोन उचलला. मग नुसती खरखर.

त्याने रिसीव्हर धम्मदीपकडे दिला. धम्मदीपने ऐकलं, मोडेमचे दिवे पाहिले, पुन्हा ऐकलं.

"ही लाइनची खरखर नाही, साहेब. पलीकडे कोणीतरी माउथपीसवर नख घासतंय."

रविराजने रिसीव्हर परत घेतला. "आई?"

नख थांबलं. लाइन इतकी स्वच्छ होती, की पलीकडचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"लाइन खराब हाय रं, रवी," ती म्हणाली. "काय बी ऐकू येत न्हाई. मग करते."