दुभाष्या

“नाही. आमच्या घरात डिप्रेशन कुणालाच नव्हतं,” प्रबोधने सांगून टाकलं.

समोर बसलेल्या शू मिनने ते लिहून घेतलं नाही. ती या संशोधनातली नर्स. तरुणपणी ज्यांना नैराश्य येतं त्यांना उतारवयात अल्झायमरचा धोका जास्त असतो का, आणि दोन्ही आजारांची मुळं काही सारख्याच जनुकांत आहेत का, याचा शोध त्या इस्पितळात चालला होता. त्यासाठी प्रबोधचं आणि त्याच्या आईचं रक्त मघाशीच घेऊन झालं होतं. उरली होती ती प्रश्नावली. शू मिन नम्रपणे म्हणाली, की मुलाने आईच्या वतीने उत्तर दिलेलं चालत नाही. आईंचा प्रश्न आईंनाच विचारायचा, त्यांच्या भाषेत.

प्रबोधला त्यात काही अर्थ दिसत नव्हता. जयवंतीबाईंना चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. दीड वर्षापूर्वी तो त्यांना अलिबागहून सिंगापूरला, बुकित बातोकच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आला, तेव्हाच त्यांचं विसरणं वाढलं होतं. आता सकाळी त्या त्याला ओळखायच्या, नावाने हाक मारायच्या. दुपार कलली की तो त्यांच्या लेखी कुणी परका, भला माणूस व्हायचा. सुरुवातीला तो समजावत बसायचा, आई, मी प्रबोध. त्यावर त्या ओशाळायच्या आणि मग रडायच्या. म्हणून त्याने तो नाद सोडला होता.

घड्याळात साडेतीन वाजले होते.

“तुम्ही मराठी का?” जयवंतीबाईंनी त्याच्याकडे वळून विचारलं.

“हो.”

“बरं झालं बाई. यांचं बोलणं काही कळत नव्हतं मला. इथे दुभाष्याचं काम करता वाटतं?”

प्रबोध त्यालाही हो म्हणाला.

मग त्याने प्रश्न मराठीत विचारला. तरुणपणी कधी असं झालं होतं का, की आठवडेच्या आठवडे मन लागत नाही, कशात गोडी वाटत नाही, जगणंच नको होतं? विचारताना तो कागदाकडेच बघत होता. उत्तर त्याला ठाऊक होतं. वडील जहाजावर इंजिनियर, वर्षातले नऊ महिने समुद्रावर. आईने एकटीने घर रेटलं, पण कधी हूं की चूं केलं नाही. अबोल बाई. तिने कधी जवळ घेतल्याचंही त्याला आठवत नव्हतं. शाळेतून आल्यावर तो पळायचा तो आत्याकडे. आईला आपण फारसे आवडत नाही, हे त्याने लहानपणीच मनाशी धरलं होतं आणि सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत ते कुणाला सांगितलं नव्हतं.

“झालं होतं की,” जयवंतीबाई म्हणाल्या.

मग त्या सांगत गेल्या, दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तशा. मुलगा झाला तेव्हा नवरा जहाजावर होता. बाळ दोन महिन्यांचं झालं आणि त्यांची झोप उडाली. घास गिळवेना. वाडीतल्या विहिरीवर पाण्याला गेलं की मनात भलतंसलतं यायचं, स्वतःबद्दल आणि कडेवरच्या बाळाबद्दलही. हे सांगणार कुणाला? अखेर एक दिवस नणंदेला सांगितलं. तिने लगेच बाळ आपल्याकडे घेतलं आणि त्यांना पुण्याच्या डॉक्टरांकडे धाडलं. चार महिने त्या दवाखान्यात होत्या. शॉक दिले. गावात सांगितलं, कावीळ झाली म्हणून माहेरी गेली आहे.

प्रबोधलाही कावीळच सांगितलेली होती.

पुढचा प्रश्न कागदावर नव्हता. तरी त्याने विचारला. “मुलाचा राग यायचा का तुम्हाला?”

“राग?” त्या नवलाने त्याच्याकडे बघत राहिल्या. “राग कशाला येईल हो? भीती वाटायची. माझ्या हातून त्याला काही होईल याची. बरी होऊन आले तर मला ओळखेना, बघून रडायलाच लागला. म्हटलं, पोर आहे, ओळखेल हळूहळू. डॉक्टर म्हणाले होते, आता घाबरू नका. पण ती भीती काही जाईना. मग जरा लांबूनच वाढवला त्याला. झोपला की मात्र मांडीवर घेऊन बसायची.”

प्रबोध पुन्हा कागद वाचू लागला. शू मिनला वाटलं, प्रश्न आईंना नीट समजला नसावा. हवं तर पुन्हा विचारा, घाई नाही, असं ती म्हणाली. त्याने नकारार्थी मान हलवली.

जयवंतीबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. “यांना कामाचं असेल तर सगळं सांगा. डॉक्टरांपासून काय लपवायचं? फक्त माझ्या मुलाच्या कानावर जाऊ देऊ नका. हळवा आहे तो. आपल्यामुळे आईला हे झालं, असं घेऊन बसेल.”

“नाही जाऊ देणार,” तो म्हणाला.

मग त्याने शू मिनला इंग्रजीत सगळं सांगितलं. तेव्हाचं वय, किती महिने, कोणते उपचार. विहिरीचंही सांगितलं. त्याने काही गाळलं नाही आणि मधे कुठे थांबलाही नाही. शू मिन खाली मान घालून लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने विचारलं, आईंना आणखी काही सांगायचं आहे का?

“एकच,” प्रबोध म्हणाला. “हे त्यांच्या मुलाला कधी कळू नये, अशी त्यांची इच्छा आहे.”