आत जाऊन बोल

"नियम करणाऱ्यांच्या नावाने घरात बोटं मोडतेस, त्यापेक्षा आत जाऊन बोल की," असं नवरा म्हणाला, म्हणून मी, गुरांची डॉक्टर, पशुवैद्यकांच्या धोरण समितीत शिरले. अकरा सदस्यांत रोज गोठ्यात जाणारी मी एकटीच. अध्यक्षांनी गाईला शेवटचा हात लावला तो पदवीच्या परीक्षेत.

पहिल्याच बैठकीत नियम आला: गाय अडली, तर दुसऱ्या डॉक्टरची लेखी संमती हातात पडल्याशिवाय वासरू ओढायचं नाही.

"आणि तोवर गाईने काय करायचं?" मी विचारलं.

"चांगला मुद्दा आहे," म्हणत अध्यक्षांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

तेवढ्यात फोन आला. जवळच्याच गोठ्यात गाय अडली होती. चहा तसाच टाकून पळाले, खांद्यापर्यंत हात घालून वासराची मागे वळलेली मान सरळ केली आणि त्याला ओढून काढलं. तासाभराने शेणामातीच्या वासासकट परत आले, तर सगळे उठत होते. दोघंही वाचल्याचं मीच हौसेने सांगितलं.

"वा! इकडे नियमही एकमताने मंजूर झाला," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही नव्हतात ना! तुम्ही बाहेर पडलात त्या मिनिटापासून लागूसुद्धा केला."

आठवड्याने त्या वासराबद्दल मला कारणे दाखवा नोटीस आली, दोन प्रतींत. एक उत्तर देण्यासाठी. दुसरीवर दहा सदस्यांच्या सह्या होत्या, आणि अकरावी जागा माझ्यासाठी मोकळी सोडली होती.