मातीच्या अंगठ्या

वेल्डरने ग्राइंडर लावला आणि भट्टीच्या पोटाखालून ठिणग्या उडाल्या. मोठ्या बाईंनी कानांवर हात ठेवले नाहीत. आपल्याच घरात आपल्याच भट्टीला भोक पाडतात तेव्हा आवाज कसा येतो, ते तरी नीट ऐकू दे, म्हणाल्या.

"एक तळाला, एक झाकणाला," सूनबाई वेल्डरला सांगत होती. जणू परकराला नाडीची भोकं पाडायची होती. भट्टीतल्या विजेच्या तारांची वेटोळी तिने सकाळीच उपसून दाराशी टाकली होती. त्यांत पाय अडखळला तेव्हा बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

मातीची भांडी भाजायची ही विजेची भट्टी बाईंच्या नवऱ्याने आणलेली. ट्रकमधून उतरवताना त्याच्या पायाचं बोट चेचलं, तरी तो आधी भट्टीला कुठे खरचटलं का ते बघत होता. गुणाची भट्टी. हू नाही की चू नाही. मुलगा तान्हा असताना तिच्या शेजारीच पाळण्यात निजायचा. भट्टीच्या कुशीला दोन बोटं जातील एवढं भोक होतं आणि त्यासमोर आत मातीचे शंकू उभे केलेले असत. आच पुरेशी झाली की शंकू मान टाकायचा. त्या क्षणी भट्टी बंद. जरा उशीर झाला की भांड्यांवरची झिलई ओघळून भांडी आतल्या फळ्यांना चिकटलीच. तो क्षण ओळखायचं काम बाईंचं. नवरा खटक्यावर हात ठेवून विचारायचा, "बंद?" आणि बाईंनी भोकाला लावलेला डोळा काढून मान हलवल्याशिवाय खटका पाडायची त्याची छाती नव्हती. तो गेल्यावर सूनबाई तशीच विचारू लागली. साऱ्या घरात हा एक शब्द बाईंच्या मालकीचा होता.

गेल्या वर्षापासून काहीतरी बिनसलं. कधी भांडी फळ्यांना चिकटून निघाली, कधी इतकी कच्ची की हाताला किसणीसारखी लागली. बाईंनी विजेच्या दाबाला नावं ठेवली, मग शंकू बनवणाऱ्यांना. भोकातून हल्ली नुसतं नारिंगी धुकं दिसायचं, पण शंकूच असले मेले येऊ लागले तर डोळ्यांनी काय करावं? त्या धुक्याचं मात्र त्या कुणाला बोलल्या नाहीत. सूनबाईनेही छिन्नीने भांडी सोडवली, फळ्या घासल्या आणि अवाक्षर काढलं नाही. मग एक दिवस जेवताना म्हणाली, भट्टी गॅसवर करू या.

बाईंनी तिला फाडून खाल्लं. गॅसचा आवाज केवढा, भपका केवढा. आणि चांगल्या चालत्या भट्टीचा कोथळा काढायचा तो कशासाठी? मुलाने परगावाहून फोनवर सुचवलं, आतल्या आचेचे आकडे दाखवणारं यंत्र बसवा, कुणी बघायलाच नको. ते सूनबाईनेच मोडीत काढलं. "यंत्र नको. गॅसच हवा," एवढंच म्हणाली. बाईंनी मुलाला विचारलं, तुझं काय मत? तो म्हणाला, मला त्यातलं काही कळत नाही. ते मात्र खरं, असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

त्यांना तिचा डाव कळून चुकला होता. नवी भट्टी, नवी रीत, म्हणजे म्हातारी आपोआप बाजूला. निदान तोंडावर सांगायचं तरी.

वेल्डर गेल्यावर बाई कामाच्या टेबलाचा आधार घेत उठल्या. बोटांना काहीतरी लागलं. मातीच्या छोट्या छोट्या अंगठ्या, झिलई चढवून वाळत घातलेल्या.

"आता भांडी सोडून दागिने विकणार वाटतं?"

"तुमच्यासाठीच केल्यात," सूनबाई म्हणाली.

"या वयात? बरी थट्टा सुचते."

गॅसवर पहिली भट्टी लागली त्या दिवशी बाई दाराबाहेर पाठ करून बसल्या. आत तळाच्या भोकाशी बर्नर सकाळपासून घोंगावत होता. दुपार कलल्यावर सूनबाईने हाक मारली, आई, वेळ होत आली. तुझी भट्टी, तूच बघ, असं बाईंनी सुनावलं. तेव्हा तिने येऊन सरळ त्यांचा हात धरला, आत नेलं, स्टुलावर बसवलं आणि हातात एक लांब लोखंडी सळई दिली. टोकाला आकडा वाकवलेला.

"विजेच्या भट्टीत ही घालता येत नव्हती," ती म्हणाली. "तारेला टेकली असती तर तुम्हीच गेला असता."

बाईंच्या मुठीवर मूठ ठेवून तिने सळई कुशीच्या भोकातून आत सारली. आकड्यात काहीतरी अडकलं. सळई बाहेर आली, बादलीत चर्र झालं, आणि सूनबाईने पाण्यातून काढून एक अंगठी बाईंच्या तळहातावर ठेवली.

"भांड्यांवर हीच झिलई आहे. अशा पुष्कळ ठेवल्यात आत. एकेक काढायची आणि बोटांनी बघायची."

छिन्नीने सोडवलेली ती सगळी भांडी बाईंना आठवली, आणि ती सोडवताना हिने मिटून घेतलेलं तोंड.

"आणि शंकू?" त्यांनी विचारलं.

"शंकू ठेवलेच नाहीत, आई."

बर्नर घोंगावत होता. सूनबाई गॅसच्या चावीवर हात ठेवून उभी राहिली.

"बंद?"

बाईंनी अंगठीवरून अंगठा फिरवला. सावकाश, सगळीकडून. एका कडेला अजून किसणी लागत होती.

"थांब," त्या म्हणाल्या. "अजून नाही."