काळे दात

किल्ल्याच्या अंगणात आम्ही सामुराईंच्या बायका शत्रूची मुंडकी धूत होतो. माझ्या थोरल्याने एक माझ्यापुढे ठेवलं.

"आई, याचे दात काळे कर. सरदारांचेच दात काळे असतात. धनी बक्षीस वाढवतील."

मी रक्त धुतलं. कानामागे भाजल्याचा डाग दिसला, माझ्याच चुलीचा. कोणीही जिंकलं तरी घराणं टिकावं, म्हणून धाकट्याला आम्ही पाचव्या वर्षीच या शत्रूच्या पदरी दिलं होतं. थोरल्याला त्याचा चेहरा कुठून आठवणार?

"मुंडक्याला बांधायच्या चिठ्ठीवर नाव काय लिहू?"

"कोण जाणे. साधा शिपाई होता."

मी कुंचला काळ्या रंगात बुडवला.

थोरला हसला. "आता सरदार दिसतो. दे."

"थांब," मी म्हणाले. "दाढा राहिल्यात."

धाकटा घरातून गेला, तेव्हा त्याचा एकही दुधाचा दात पडला नव्हता.