खाली उतरवलेला आवाज

“मशीनच्या पट्ट्यावरची जाळी तुटली, हे तुम्हाले ठाऊक होतं. तरी माणूस तिथं उभा केला. त्या पोट्ट्याचा हात तुमच्यामुळं गेला!”

अनोळखी नंबरावरून आलेली ही रेकॉर्ड केलेली तक्रार साहेबांनी उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सगळ्यांसमोर वाजवली. हात गेल्याचं त्यांना काही नव्हतं, तक्रार झाल्याचं होतं. आवाज पुरुषाचा, जाड, संथ.

बिलं करणारी यामिनी मान खाली घालून ऐकत होती. तो आवाज तिचाच होता. घरी रेकॉर्ड करून तिनं कॉम्प्युटरवर एक कमांड टाइप केली, आवाज खालच्या पट्टीत उतरवला, वेगही कमी केला. आपल्याला कोणी ओळखू नये, एवढंच तिनं पाहिलं होतं.

साहेबांनी मात्र ओळखलं. “असं रेंगाळत बोलणारा आपल्याकडं एकच आहे. अच्युतराव, उद्यापासून येऊ नका.”

“देवाशपथ साहेब, मी नाही बोललो,” स्टोअरचे अच्युतराव म्हणाले. पण म्हणाले तेही तसल्याच जाड, संथ आवाजात. मग कोण विश्वास ठेवतो?

नोकरी यामिनीलाही हवीच होती. तरी ती उठली.

“काकांले काहून काढता? मी बोलली ते. आवाज कॉम्प्युटरवर बदलला.”

“तू? बस खाली, पोरी!”

“नाही बसत. काढायचं तर मले काढा. आवाज कोणाचा, हे तुम्ही दोन मिनिटांत शोधून काढलं. जाळी वर्षभर काहून नाही बसवली? सांगा!”