नाताळची ढाल

"उडा, पाळकसाहेब, उडा!" आम्ही गळा फाटेस्तोवर ओरडलो. चर्चसंघांच्या नाताळ व्हॉलीबॉल स्पर्धेचा शेवटचा सामना होता आणि ढाल जिंकायला आम्हाला एकच गुण हवा होता. डोंगरवाडी चर्चच्या गड्याने जोरात हाणलेला चेंडू जाळ्याजवळ उडालेल्या आमच्या पाळकांच्या हातांवरून गेला आणि थेट रेघेबाहेर पडला. पंचांनी शिट्टी फुंकली. गुण आमचा, ढाल आमची!

ताशा कडाडला. दानिएलबापूंनी स्वतः पाळकांना खांद्यावर घेतलं. हे बापू म्हणजे आमच्या चर्च कमिटीतले सर्वांत जुने. हे नवे पाळक आल्यापासून "हा उपदेश कसला, ही तर अंगाई," म्हणत पहिल्याच बाकावर खुशाल घोरायचे.

"बापू, खाली ठेवा मला," पाळक म्हणाले आणि तडक पंचांसमोर जाऊन उभे राहिले. "चेंडू माझ्या बोटाला लागून गेला. गुण त्यांचा आहे."

"अहो, पंचांना दिसलं नाही, तर तुम्हाला कुणी विचारलं होतं?" बापू तडकले.

ताशा थांबला. डोंगरवाडीने तो गुण घेतला, पुढचे दोनही घेतले आणि आमच्या डोळ्यांदेखत ढाल टेम्पोत घालून नेली. घरी येताना बापू पाळकांकडे पाठ करून बसले.

रविवारी पाळकांनी नेहमीसारखाच लांबलचक, रटाळ उपदेश केला. बापूंशेजारी बसल्या बसल्या माझा डोळा लागला, तोच त्यांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं.

"झोपतोस काय? ऐक," बापू कुजबुजले. "हा माणूस खोटं बोलत नाही."