शेवाळाचा उपास

मीराबाई कोपरापर्यंत हात खाऱ्या पाण्यात घालून माधवच्या जुन्या एटीएम कार्डाने काच खरवडत होती. काल खरवडली होती. परवाही. तरी टाकीच्या चारही काचांवर लोकरीसारखं हिरवं शेवाळ चढलं होतं आणि त्यामागे दोन नारिंगी मासे दिसेनासे झाले होते. मासे माधवचे, तिच्या मुलाचे. चार महिन्यांपूर्वी तो बोटीवर नोकरीला गेला. जाताना एवढंच म्हणाला, "आई, मासे सांभाळ. बाबांना पण."

हरेश्वर पाण्याचे दोन कॅन घेऊन तीन जिने चढून आला. तो माहीमच्या कोळीवाड्यातला. भावाच्या होडीतून लांबच्या समुद्रातलं स्वच्छ पाणी दर पंधरा दिवसांनी तिच्या लालबागच्या घरी पोचवायचा. कॅन ठेवून तो टाकीपुढे वाकला.

"काकी, खाणं किती घालता?"

"चिमूटभर. सकाळी एकदा."

"खाली बघा." तळाशी भुग्याचा थर साचला होता. "हे मासे नाय खात. हे शेवाळ खातं. खरवडून हात मोडतील तुमचे, पण ते नाय जायचं. दोन दिवस खाणं बंद, लाइट बंद. माशांना काय होत नाय. शेवाळाला उपाशी ठेवा, आपोआप मरेल."

मीराबाईने खाटेकडे पाहिलं. तिचा नवरा, दौलतराव, भिंतीला टेकून बसला होता. खाण्याचा डबा त्याच्या मांडीवर होता. मासे जेवायचे राहिलेत, असं म्हणत सकाळपासून तो सहा वेळा उठला होता. घातलं की पाच मिनिटांत विसरायचा. डबा लपवला, तर स्वतःच्या ताटातली पोळी कुस्करून घालायचा.

"कोणाला उपाशी ठेवताय?" दौलतरावने विचारलं.

"कोणाला नाही हो."

तो उठून टाकीपाशी आला. "यांनी खाल्लं काय?"

"खाल्लं. आत्ताच तुम्ही घातलंत."

दौलतरावने तिच्याकडे रोखून पाहिलं. बऱ्याच दिवसांनी त्याची नजर तिच्यावर ठरली.

"खोटं बोलू नको. गिरणीच्या संपात पण असंच सांगायचीस. 'माझं झालं, तुम्ही बापलेक जेवा.'" मग आवाज खाली आला. "मला ठाऊक होतं, गो. टोपात काय नसायचं. मी काय बोललो नाय. जेवत राहिलो."

हरेश्वर कॅनचं झाकण उगाच फिरवत राहिला.

मीराबाईने ओला हात पदराला पुसला. इतकी वर्षं तिला वाटत होतं, त्याला कधी कळलंच नाही. राग यायला हवा होता. पण रागालाही अंगात जोर लागतो.

"घाला," ती म्हणाली. "घाला त्यांना."

त्याने चिमूट सोडली. तुकडे पाण्यावर तरंगले, मग सावकाश खाली बसले. हरेश्वरने शर्टाची बाही दुमडली.

"द्या ते कार्ड, काकी. दर रविवारी येतो मी आता."

तो खरवडू लागला. दौलतराव अजून तिच्याकडेच बघत होता.

"तू जेवलीस काय?"

दोन वाजून गेले होते. भूक कधीच मरून गेली होती. 'हो' तिच्या ओठांवर आलंच होतं. ते गिळून तिने ताट घेतलं, सकाळचा गार भात वाढला, वर कालवण ओतलं आणि जमिनीवर बसली. दौलतराव गुडघ्यांवर हात टेकत कष्टाने खाली बसला, तिच्या अगदी समोर. घास तोंडात जाईपर्यंत बघायचा, मग पुढच्या घासाची वाट बघायचा.

अर्ध्या ताटावर तिचा हात थांबला.

"टोपात अजून आहे," तो म्हणाला.